संख्येचें नांव आणि संख्येचें स्थान
(जुन्या पोथ्यांतील महासंख्या वाचण्याविषयीं)

ज्योतिष व गणित या विषयांवरील पोथ्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस एक अडचण वारंवार येते. पुष्पिका लागते, लेखनशक लागतो, लेखकाचें गांव लागतें. परंतु मध्येंच एखादी पंधरा-सोळा अंकांची संख्या येते आणि वाचणारा तेथें अडखळतो. शून्यें मोजतांना एक अधिक होतें किंवा एक कमी होतें. वर श्लोकांतील शब्द एक सांगतात, खालीं टीकाकाराचे अंक दुसरेंच सांगतात. मग वर्णनसूचींत ती संख्या तशीच सोडून देऊन गृहस्थ पुढें जातो. या उपेक्षेनें नुकसान होतें. कारण ग्रंथ कोणत्या पक्षाचा आहे व प्रत शुद्ध आहे कीं नाहीं, याचा निकाल पुष्कळदां त्या एका संख्येवरूनच लागत असतो. हल्लींच्या शास्त्रग्रंथांत फार मोठ्या व फार लहान संख्या लिहिण्याची जी घातांकपद्धति रूढ आहे ती या कामीं उत्तम साह्य करते. ती पद्धति काय आहे, तिचें बीज आमच्या ग्रंथांत कितपत सांपडतें, आणि ती कोठें वापरूं नये, इतकें येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम नांवांकडे पाहूं. वाजसनेयी संहितेंत एकापासून परार्धापर्यंत तेरा नांवें आलीं आहेत व प्रत्येक नांव मागल्याच्या दसपट आहे. त्या गणनेनें परार्ध म्हणजे एकावर बारा शून्यें. भास्कराचार्यांच्या लीलावतींत अठरा स्थानें आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटि, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य व परार्ध. येथें परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यें. शब्द तोच, किंमत एक लक्ष पटीनें निराळी. अर्बुदाचीही तीच गत. संहितेंत तें एकावर सात शून्यें, आर्यभटीयांत व लीलावतींत आठ. 'मध्य' हा शब्द तर संहितेंतील दहा शून्यांवरून लीलावतींत सोळांवर गेला. बौद्धांच्या ललितविस्तरांत कोटीच्या पुढें शंभर-शंभर पटीनें जाणारी वेगळीच मालिका असून ती 'तल्लक्षण' या नांवापर्यंत, म्हणजे एकावर त्रेपन्न शून्यांपर्यंत, पोंचते. ती व्यवहारासाठीं नव्हे, बुद्धाच्या गणनासामर्थ्याच्या वर्णनासाठीं आहे. तथापि पोथी वाचणाऱ्यास तीही ठाऊक असावी.

ही गोष्ट प्राचीनांपुरतीच आहे असें कोणी समजूं नये. लीलावतीचा खर्व म्हणजे एकावर दहा शून्यें. हिंदींतील खरब म्हणजे अकरा. इंग्रजांचा 'बिलियन' सन १९७४ पर्यंत त्यांच्या सरकारी व्यवहारांत एकावर बारा शून्यें असा होता. त्या वर्षापासून तो अमेरिकेप्रमाणें नऊ शून्यांचा मानूं लागले. म्हणून त्यापूर्वींच्या इंग्रजी ग्रंथांतील बिलियनचें भाषांतर 'अब्ज' असें जो करील तो हजार पटीनें चुकण्याचा संभव आहे. नांवें फिरतात. न फिरणारी वस्तु एकच, ती म्हणजे स्थानाचा क्रमांक, अर्थात् एकावर शून्यें किती.

घातांकपद्धति म्हणजे हा क्रमांक उघड लिहिणें. संख्येंतील पहिला शून्येतर अंक घ्यावा, त्याच्यापुढें दशांशचिन्ह द्यावें, उरलेले सार्थ अंक त्यापुढें लिहावे, आणि दशांशचिन्ह मूळ जागेपासून किती घरें सरकलें तें दहाच्या घातांकानें सांगावें. कल्पाचीं वर्षें ४,३२,००,००,००० आहेत. चिन्ह नऊ घरें डावीकडे सरकलें, म्हणून ४.३२ गुणिलें दहाचा नववा घात. घातांक दहाच्या उजव्या खांद्यावर बारीक लिहिण्याचा प्रघात आहे. येथें मुद्रणाच्या सोयीसाठीं तो कंसांत देतों, म्हणजे ४.३२ × १०(९). या लेखनांत दोन गोष्टी अलग झाल्या. '४.३२' हे अंक. '९' हें स्थान. अंकांची चूक व स्थानाची चूक या दोन निराळ्या जातीच्या चुका आहेत, आणि लांबलचक शून्यांच्या ओळींत त्या एकमेकींत मिसळून जातात.

अंक व स्थान अलग करण्याची कल्पना महाराष्ट्रांत किती जुनी आहे हें पाहावयाचें असेल तर नाणेघाटांत जावें. जुन्नराहून कल्याण व सोपारा या बंदरांकडे उतरणाऱ्या त्या घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहनकुळांतील राणी नागनिकेचा, इसवी सनाच्या पूर्वींचा, लेख आहे. त्यांत यज्ञांच्या दक्षिणेच्या संख्या खोदल्या आहेत: कार्षापण २४,४००, गाई १०,००१, आणि अशा आणखी पुष्कळ. या अंकांचा उलगडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं केला. सन १८८२ सालीं सोपाऱ्याचा स्तूप उकरणारे तेच हे पंडित. पुढें सन १८८३ सालीं ब्यूलर यांनीं लेखाचें संपूर्ण वाचन छापलें. त्या लेखांत शून्य नाहीं व आजचें स्थानमूल्यही नाहीं. सहस्राचें एक चिन्ह आहे, आणि चार सहस्र लिहावयाचे असतां त्या चिन्हालाच चारीचा अंक जोडलेला आहे. वीस सहस्रांसाठीं विसाचें चिन्ह जोडलेलें आहे. शताचेंही तसेंच. म्हणजे २४,४०० ही संख्या वीस गुणिलें सहस्र, चार गुणिलें सहस्र व चार गुणिलें शत अशा तीन जोडचिन्हांनीं लिहिली आहे. गुणक एकीकडे, मान दुसरीकडे. ही कांहीं घातांकपद्धति नव्हे, परंतु खोदणाऱ्याच्या मनांत 'किती' आणि 'कशाचे' हे दोन प्रश्न वेगळे होते, एवढें त्यावरून निश्चित दिसतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. स्थानमूल्य व शून्य रूढ झाल्यावर ज्योतिष्यांनीं पद्यांत संख्या बांधण्यासाठीं भूतसंख्यांची रीत घेतली. चंद्र किंवा पृथ्वी म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पांच, रद म्हणजे दांत, अर्थात् बत्तीस. आणि ख, अभ्र, गगन, पूर्ण म्हणजे शून्य. शब्द एकं स्थानापासून आरंभ करून डावीकडे मांडीत जावयाचे. भास्कराचार्यांनीं आपला जन्मशक रस, गुण, पूर्ण, मही या शब्दांनीं सांगितला आहे. सहा, तीन, शून्य, एक, म्हणजे शके १०३६. मराठी दप्तरें चाळणाऱ्यांस ही उलटी चाल नवीन वाटणार नाहीं; शुहूर सन लिहितांना 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे पांच, सत्तर, शंभर व हजार मिळून ११७५ असेंच आपण वाचतों (इसवी सन १७७४–७५). दोन अगदीं भिन्न भाषांतून आलेल्या दोन रीती एकाच दिशेनें चालाव्या ही मौज आहे.

या रीतींत शून्यें कशीं सांगत? एकामागून एक ख, अभ्र, गगन असे शब्द रचीत जाणें हा एक मार्ग. दुसरा मार्ग शून्यें मोजून सांगण्याचा. ब्रह्मगुप्तानें शके ५५० मध्यें रचिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतांत चतुर्युगाचीं वर्षें सांगतांना आरंभीं 'ख' चार वेळां न म्हणतां त्यास 'चतुष्टय' हा शब्द जोडला आहे. मग बत्तिसांसाठीं दांत आणि चारीसाठीं वेद. चार शून्यांचा गट, मग ३२, मग ४, एकूण ४३,२०,०००. आमच्या मतें हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. त्या चतुष्टयांतला चार हा संख्येचा अंक नव्हे. तो संख्येंत कोठेंही लिहिला जात नाहीं. तो शून्यांची मोजदाद आहे. आजच्या भाषेंत तें ४३२ × १०(४) आहे, आणि चिन्ह आणखी दोन घरें सरकविलें म्हणजे ४.३२ × १०(६). अंक अलग, शून्यांची गणती अलग; ब्रह्मगुप्ताच्या त्या समासांत दोन्ही आहेत.

यावरून 'घातांक आमच्याच पूर्वजांनीं शोधिला' असें विधान करण्याचा मोह पुष्कळांस होईल. तो आवरावा. भास्कराचार्यांच्या बीजगणितांत अव्यक्ताचे वर्ग, घन, वर्गवर्ग यांस 'याव', 'याघ', 'यावव' अशीं संक्षिप्त चिन्हें आहेत, पण दहाच्या घातांसाठीं तीं वापरून गुणाकार-भागाकार केल्याचें त्यांत नाहीं. घाताचा अंक अक्षराच्या डोक्यावर लिहिण्याची आजची तऱ्हा देकार्तच्या सन १६३७ च्या भूमितींतून पसरली. ऋण घातांक न्यूटननें सन १६७६ च्या पत्रांत वापरले. ग्रीकांच्या आर्किमिडीजनें तर इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत, विश्व वाळूनें भरल्यास कण किती लागतील याचा हिशेब करण्यासाठीं स्वतंत्र श्रेणी कल्पिल्या आणि आजच्या लेखनानें १०(६३) पर्यंत मजल मारली. परंतु त्याच्यापाशीं शून्य नव्हतें. ज्याचें श्रेय त्याला द्यावें. आमच्याकडे स्थानांचीं नांवें होतीं, शून्य होतें, शून्यें मोजून सांगण्याची सवय होती. घातांकांची बेरीज-वजाबाकी करणारें चिन्ह नव्हतें.

तें चिन्ह हातीं आल्यावर जुन्या ग्रंथांची परीक्षा किती सोपी होते याचें उदाहरण भास्कराचार्यांच्याच सिद्धांतशिरोमणींतून (शके १०७२) घेऊं. ज्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला, आणि ज्या मठास दिलेल्या दानाचा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणिला, त्या ग्रंथांतील हा प्रमुख होय. (त्या लेखाचा शेवटला भाग जुन्या मराठींत असल्यामुळें भाषेच्या अभ्यासकांसही तो ठाऊक आहे.) या सिद्धांतांत खकक्षा, म्हणजे आकाशाचा परिघ, १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजनें सांगितला आहे. लीलावतीच्या नांवांनीं वाचावयाचें तर एक मध्य, आठ अंत्य, सात जलधि, एक शंकु, दोन महापद्म, निखर्व शून्य, सहा खर्व, नऊ अब्ज, दोन अर्बुद. घातांकानें १.८७१२०६९२ × १०(१६).

ही संख्या कोठून आली? चंद्राची कक्षा ३,२४,००० योजनें व कल्पांत चंद्राचे भगण ५७,७५,३३,००,०००. प्रत्येक ग्रह कल्पांत सारखींच योजनें चालतो असें गृहीत धरिलें आहे. म्हणून या दोहोंचा गुणाकार ती खकक्षा. ३.२४ × १०(५) आणि ५.७७५३३ × १०(१०). अंकांचा गुणाकार १८.७१२०६९२, घातांकांची बेरीज १५. चिन्ह एक घर डावीकडे घेतलें कीं १.८७१२०६९२ × १०(१६). अंक व स्थान दोन्ही जुळलीं. पोथींत सात शून्यें आढळलीं तर एक गळालें आहे. नऊ आढळलीं तर एक शिरलें आहे. हा निर्णय करण्यास दुसऱ्या प्रतीची वाट पाहावी लागत नाहीं.

सूर्यसिद्धांताची खकक्षा याहून थोडी निराळी आहे: १८,७१,२०,८०,८६,४०,००,०००. घातांकानें १.८७१२०८०८६४ × १०(१६). दोन्ही संख्या एकाखालीं एक मांडून पाहाव्या. पहिले सहा अंक तेच, सातव्यांत फरक. तेथें सहा असेल तर ब्राह्मपक्ष, आठ असेल तर सौरपक्ष. आरंभ व अंत गमावलेल्या सुट्या पत्रांचा ढीग ज्यांच्यापुढें पडला आहे त्यांनीं हा सातवा अंक अवश्य पाहावा. शून्यांच्या झालरीकडे पाहून हें कधींच कळत नाहीं.

आणखी एक परीक्षा. खकक्षेस कल्पाच्या सावन दिवसांनीं भागिलें असतां ग्रहाची दैनिक योजनगति येते. दिवस १५,७७,९१,६४,५०,००० म्हणजे १.५७७९१६४५ × १०(१२). भागाकारांत घातांक वजा करावयाचे: सोळांतून बारा गेले, चार राहिले; अंकांचा भागाकार १.१८५८७. गति ११,८५८.७ योजनें. भास्कराचार्य ती पाऊणयुक्त ११,८५८ अशी सांगतात. त्यांचे शब्द 'चतुर्थांश उणें' असे असून पुढें एकं स्थानाच्या नवासाठीं 'गो' हा शब्द आहे. आतां 'गो' म्हणजे भूतसंख्येंत नऊही होतात, आणि पृथ्वी या अर्थीं एकही होतो. नऊ घेतल्यास ११,८५९ उणें पाव, एक घेतल्यास ११,८५१ उणें पाव. कोश दोन्ही अर्थ देतो. भागाकार एकच देतो. तसाच 'अब्ज' हा शब्द. स्थानांच्या नांवांत तो १०(९), पण भूतसंख्येंत अब्ज म्हणजे चंद्र, अर्थात् एक. अशा जागीं व्याकरण थकतें, तेथें गणितानें हात द्यावा.

खकक्षा हें विश्वाचें खरें माप आहे असें भास्कराचार्य म्हणत नाहींत, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. ब्रह्मांड एवढें असो वा नसो, ग्रह कल्पांत जितकीं योजनें चालतो त्यांस पूर्वाचार्यांनीं खकक्षा म्हटलें आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. हा सावधपणा फार मोलाचा आहे. तरीही कुतूहल म्हणून: त्यांनीं पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजनें धरिला, आजच्या मोजणीनें तो सुमारें ४ × १०(४) किलोमीटर, म्हणून तो परिघ बरोबर होता असें मानल्यास योजन सुमारें आठ किलोमीटरांचें होतें, आणि खकक्षा १.५ × १०(१७) किलोमीटर. प्रकाश एका वर्षांत ९.४६ × १०(१२) किलोमीटर जातो. भागाकार केला तर त्या आकाशाचा परिघ सुमारें सोळा हजार प्रकाशवर्षें भरतो. आपली आकाशगंगाच व्यासानें सुमारें एक लक्ष प्रकाशवर्षें आहे. योजनाच्या लांबीविषयीं वाद असल्यामुळें या उत्तराच्या अंकांवर भिस्त ठेवूं नये. स्थानावर ठेवण्यास हरकत नाहीं. अंक संशयित व स्थान विश्वसनीय अशी स्थिति असतां तें स्पष्ट दाखवितां येणें हा या लेखनाचा एक मोठा गुण आहे.

नुसत्या घातांकांनीं आकाराची कल्पना येत नाहीं अशी तक्रार ऐकूं येते व ती खोटी नाहीं. आम्ही मीरा-भाईंदर येथें सिल्व्हर पार्कांत राहतों. भाईंदर हें मिठागरांसाठीं जुनें प्रसिद्ध. तेव्हां आर्किमिडीजच्या वाळूऐवजीं मीठच घेऊं. मिठाचा कण अर्धा मिलिमीटर बाजूचा घन आहे असें धरिलें तर एक मीटर लांबींत दोन हजार कण बसतात, आणि एक घनमीटरांत दोन हजारांचा घन, म्हणजे ८ × १०(९) कण. कल्पाचीं वर्षें ४.३२ × १०(९). म्हणजे एका कल्पाच्या प्रत्येक वर्षास मिठाचा एक कण दिला तर अर्ध्या घनमीटरापेक्षां थोडेंसेंच अधिक मीठ लागेल. खोलीच्या एका कोपऱ्यांत मावेल इतकें. खकक्षेच्या योजनांस मात्र २.३ × १०(६), म्हणजे तेवीस लक्ष घनमीटर मीठ हवें. तें मीटरभर उंच पसरलें तर दोनशें तीस हेक्टर जमीन झांकेल. नऊ आणि सोळा यांत कागदावर सातांचेंच अंतर आहे. त्या सातांत कोपरा व मिठागर यांचा फरक सांठवलेला आहे.

आतां ही रीत कोठें वापरूं नये तें पाहूं. शकारंभीं कल्पाचीं गत वर्षें ब्राह्मपक्षानें १,९७,२९,४७,१७९ होतीं. ही संख्या १.९७ × १०(९) अशी लिहिली तर दिसण्यास सुटसुटीत होते, परंतु ज्योतिष्याच्या उपयोगाचें सर्व कांहीं त्यांतून निघून जातें. शेवटले ३,१७९ हीं कलियुगाचीं गत वर्षें. त्यांत इष्ट शक मिळवावयाचा असतो. पंचांगकर्त्यास टोंकाचा एकं अंकच हवा आहे, डोकें नको. खकक्षेच्या शेपटाला आठ शून्यें आहेत आणि कल्पगताच्या शेपटाला एकही नाहीं, हा भेद ओळखल्याशिवाय घातांक लिहूं नयेत. बेरजेंत तर विशेष जपावें. गुणाकारांत घातांक मिळवितात, परंतु बेरीज करतांना दोन्ही संख्यांचा घातांक आधीं एक करावा लागतो, आणि तसें केलें कीं लहान संख्या मोठीच्या पुढें नाहींशी होण्याची भीति असते. शकाची तीच गत होईल.

कल्पापासून अहर्गण काढावयाचा म्हणजे बारा अंकी संख्या घेऊन बसणें आलें. भास्कराचार्यांच्या काळींही ती सुमारें ७.२ × १०(११) होती, आणि पाटीवर धूळ पसरून ती गुणावी लागे. या त्रासावर कोंकणांतील एका गणकानें जो तोड काढला त्यास तोड नाहीं. नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२ मध्यें ग्रहलाघव रचिला. त्यांत अकरा वर्षांचें, ४,०१६ दिवसांचें, एक 'चक्र' कल्पिलें. गत चक्रें एकीकडे मोजावयाचीं व उरलेले दिवस दुसरीकडे. त्यामुळें अहर्गण चार अंकांच्या बाहेर जातच नाहीं. घातांकपद्धति मोठी संख्या थोडक्यांत लिहिते. गणेश दैवज्ञांनीं ती उत्पन्नच होऊं दिली नाहीं. त्यांचा ग्रंथ महाराष्ट्रांत घरोघरच्या जोशांच्या हातीं कां राहिला आणि सिद्धांतशिरोमणि पाठशाळेंत कां राहिला, याचें एक कारण यांत आहे असें आम्हांस वाटतें.

सूक्ष्म संख्यांविषयीं थोडें लिहितों. घातांकाच्या मागें ऋणचिन्ह आलें म्हणजे दशांशचिन्ह उलट दिशेनें सरकलें: १०(–५) म्हणजे एकाचा लक्षांश. सिद्धांतशिरोमणींत निमेषाचा तिसावा भाग तत्पर व तत्पराचा शंभरावा भाग त्रुटि. उलट बाजूनें अठरा निमेषांची काष्ठा, तीस काष्ठांची कला, तीस कलांची घटिका व साठ घटिकांचें अहोरात्र. हे सर्व गुणक गुणिले असतां अहोरात्राच्या २,९१,६०,००,००० त्रुटि होतात, म्हणजे २.९१६ × १०(९). अहोरात्राचे सेकंद ८.६४ × १०(४). चारांतून नऊ गेले, उणे पांच. म्हणून त्रुटि सुमारें ३ × १०(–५) सेकंद. अहोरात्र नाक्षत्र धरा वा सावन, उत्तर तेंच राहतें. हा काल मोजण्याचें कोणतेंही यंत्र त्या काळीं नव्हतें. भागाकार करीत बुद्धि जेथवर गेली तेथवर शब्द गेला. व्यवहारांत मात्र लहान भाग दहांच्या नव्हे, साठांच्या पायऱ्यांनीं उतरत: घटी, पळ, विपळ. पंचांगांत तेच चालू राहिलें. विपळ म्हणजे सेकंदाचे चार दशांश. त्याखालीं पंचांगास जाण्याचें कारण पडत नाहीं. मोडी दप्तरांत तर चतुर्थांशांचें राज्य. अंकापुढें एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. तेथें दशांश शोधणें व्यर्थ आहे. सन १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं तेव्हां कोठें रुपयाचे भाग दहांच्या घरांत बसले.

ज्या जुन्नर परिसरांत नाणेघाटाचा लेख आहे, त्याच तालुक्यांत खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मोठी रेडिओ-दुर्बीण आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें ती उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाचे तीस तबक तिला आहेत. दूरच्या तारकापुंजांपासून येणारी रेडिओशक्ति इतकी क्षीण असते कीं ती सांगण्यास 'जान्स्की' नांवाचें खास माप करावें लागलें. त्याचें मूल्य १०(–२६) वॅट, दर चौरस मीटरास व दर हर्ट्झास. हें नेहमींच्या लेखनानें मांडावयाचें तर दशांशचिन्हानंतर पंचवीस शून्यें व मग एक. तेथील गणकांसही सहस्रांश जान्स्कीची गोष्ट बोलावी लागते. घाटावरच्या खोदणाऱ्यानें सहस्राच्या चिन्हाला चारीचा अंक जोडिला, तेव्हां त्याची अडचण या लोकांच्या अडचणीहून जातीनें निराळी नव्हती.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. पोथींत महासंख्या आढळल्यास श्लोकांतील शब्द आधीं उतरून घ्यावे, खालचे अंक मागाहून. श्लोकाला वृत्ताचा पहारा असतो. एक 'ख' गळाला कीं मात्रा मोडते व चूक कानाला कळते. अंकांच्या ओळीला असा पहारेकरी नाहीं, आणि शून्य बिंदूनें लिहिलेलें असल्यास तें कागदाच्या डागांतही हरवतें. त्यानंतर सार्थ अंक, पुढील शून्यांची गणती व घातांक अशा तीन गोष्टी नोंदवाव्या. नोंद अशी असावी: 'खकक्षा. अंक १८७१२०६९२, पुढें शून्यें ८, घातांक १६. चंद्रकक्षा व चंद्रभगण यांच्या गुणाकाराशीं ताडून पाहिली, जुळते. पत्रावरील अंकांत शून्यें ७ च आहेत.'

सिल्व्हर पार्क, मीरा-भाईंदर.